मोर्शीची संत्री, नागपूरचं लेबल

अमरावतीच्या कॉलेजात जाहिरातीचा कोर्स करत होते. सरांनी आपापल्या भागातल्या मालाचा ब्रँड तयार करायला सांगितला. मी आमच्या बगीच्यातल्या संत्र्यांना आमच्या गावाचं, ‘मोर्शी’ नाव दिलं. सरांनी ते सगळ्यांसमोर खोडलं. म्हणाले, “मोर्शी कोण ओळखतं? नागपूर लिही.”

डोकंच सणकलं. झाडं आमची, पाणी आमचं, राबायचं आम्ही आणि नाव नागपूरचं?

तशीच तणतणत घरी गेले. अंगणात बाबा संत्र्यांच्या खोक्यांवर लेबलं चिकटवत होते. प्रत्येक लेबलावर नागपूर. सरांचं सगळं सांगून मी ओरडले, “आन् तुमीबी तेच करता? काहून?”

बाबांनी लेबलांचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला.

“उरलेले तू लाव. तुले तं कॉलेजात हेच शिकवून राहिले ना?”