पडद्यामागे गेलेली वायर

सुगतचे माझ्यावर जेवढे उपकार आहेत तेवढे दुसऱ्या कुणाचेच नाहीत, आणि सुगतच्या बाबतीत मी जे केलं ते कालपर्यंत कुणालाच सांगितलेलं नव्हतं. बायकोला नाही, आईला नाही. सुगतला तर नाहीच. आता लिहायला बसलोय तरी दोनदा उठून पाणी पिऊन आलो. तहान नव्हती.

आधी उपकाराचं सांगतो. ते सोपं आहे.

मी राळेगाव तालुक्यातल्या खेड्यातून यवतमाळला कॉलेजात आलो. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल, घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नाही. वर्गात सरांनी नाव विचारलं तरी माझं तोंड उघडायचं नाही. सुगत शेजारी बसायचा. त्याचं घर यवतमाळातच, पाटीपुऱ्यात. त्याच्या वडिलांची भीमगीतांची गायन पार्टी होती. पेटी वाजवत ते स्वतःच मुख्य गायचे. त्यामुळे हात एकीकडे आणि गळा दुसरीकडे, यात काही अवघड असतं हे सुगतला माहीतच नव्हतं. एकदा कुणाकडे तरी विदेशी रॉक बँडची सीडी बघताना, खांद्याला बेस गिटार अडकवून गाणारा माणूस दिसला तेव्हा तो म्हणाला, "अबे, हा तं माह्या बापासारखाच करून राह्यला. फक्त केस लंबे हाय."

मोडलेल्या एका ऑर्केस्ट्राकडून त्यानं जुनी बेस गिटार आणली. चार जाड तारा. आमचा बँड उभा राहिला – नाव सुगतनंच ठेवलं, 'बोंडअळी'. माझ्या वडिलांच्या ओळखीनं जिनिंगचं रिकामं गोदाम दुपारी मिळायचं. हंगाम लवकर आटपायचा त्या वर्षांत. यवतमाळचं नाव तेव्हा पेपरात ज्या कारणानं यायचं ते तुम्हाला माहीत आहे, मी ते इथं पुढे करणार नाही. माझ्या चुकीशी त्याचा संबंध लावला तर ती लबाडी होईल.

त्या गोदामात, कोपऱ्यात रुईचे पुंजके साचलेले, सुगतनं मला बेस वाजवत गायला शिकवायचा हट्ट धरला. बेस ढोलाबरोबर चालते आणि गाणं शब्दांबरोबर. दोघांना एकमेकांची चाहूल लागली की दोघंही अडखळतात. तो म्हणायचा, "हाताले सांगूच नको तू गाऊन राह्यला म्हणून. त्याले वाटू दे, तू एसटीच्या कंडक्टरशी बोलून राह्यला." मला जमलं नाही. गायला लागलो की बोटं थांबायची, बोटं हलली की शब्द जायचे. पण तोंड उघडलं. कंडक्टरशी बोलता बोलता मी वर्गाशी बोलायला लागलो, पुढे मुलाखतीत बोललो, आज कॉलेजात शिकवतो. माझ्या घरातला पहिला पदवीधर बोलू शकतो, तो सुगतमुळे.

आणि मी काय केलं?

सुगतचे वडील गेले आणि त्याचं कॉलेज सुटलं. त्याच वर्षी अमरावतीला महाविद्यालयांच्या बँडची स्पर्धा होती. मंचावर फक्त शिकणारी मुलं, असा नियम. आमच्याकडे बेस वाजवणारा एकच, आणि तो विद्यार्थी नाही. तोडगा त्यानंच काढला. बंद पडलेली, आवाज न देणारी दुसरी बेस कुठून तरी मागून आणली, माझ्या गळ्यात अडकवली आणि म्हणाला, "तू नुसते हात हालव. वाजवतो मी." माझ्या गिटारीची वायर पडद्यामागे गेलेली होती आणि तिथं ती कशालाच जोडलेली नव्हती. तिच्या टोकाशी सुगत त्याची बेस मांडीवर घेऊन बसला होता. मी त्याचंच गाणं गायलो – 'एसटी गेली तं जाऊ दे'. आमचा पहिला नंबर आला. पेपरात फोटो आला, खाली ओळ: बेस वाजवत गाणारा कलावंत. आईनं तो फोटो काचेत बसवून घेतला. परवापर्यंत भिंतीवर होता.

मी इथं थांबलो तर तुम्ही म्हणाल, पोरवयातली गंमत. बँडमधल्या चौघांनाही ती माहीत होती. म्हणून इथं थांबता येत नाही.

बक्षिसानंतर परीक्षक मंचामागे आले. नागपूरला त्यांचा मोठा ऑर्केस्ट्रा होता, सगळे त्यांना मास्तर म्हणत. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, दोन्ही कामं एकदम करणारा पोरगा फार दिवसांनी ऐकला. सुगत तिथंच उभा होता, त्याची गिटार कापडात गुंडाळलेली. मास्तरांनी विचारलं, हा कोण? मी म्हणालो, "वायरवाला आहे, सर."

दुसरं काही सुचलं नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. मित्र आहे, भाऊ आहे – यातलं काहीही चाललं असतं, नाही का? सुगत हसला. खरोखर हसला, आणि खाली बसून वायरी गुंडाळायला लागला. तेव्हापासून तो फोन करतो तेव्हा हेच म्हणतो, "कोन? अबे वायरवाला बोलून राह्यलो." मीही हसतो. पंधरावीस वर्षं आम्ही या एका वाक्यावर हसतोय.

पण हेही ते नव्हे. मी पुन्हा बाजूनं चाललोय.

महिनाभरानं मास्तरांनी मला नागपूरला बोलावलं. दुर्गोत्सव जवळ आला होता. गावोगावच्या मंडळांची वर्गणी आटलेली, दहा माणसांची पार्टी कुणाला परवडत नव्हती. बेस आणि गाणं एकाच माणसानं सांभाळलं तर त्यांचा दौरा टिकणार होता. कायमची जागा होती ती. सुगतच्या हातात तेव्हा काहीच काम नव्हतं; वडिलांच्या पार्टीला बोलावणं बंद झालेलं, लहान बहीण शाळेत. बसस्टँडवर तो मला सोडायला आला. म्हणाला, "तुले जमणार नाही, हे मले मालूम हाय अन् तुले बी. माह्यं नाव सांगजो. मास्तरले म्हनजो, एक पोट्टा हाय. मी उद्याच्या उद्या जातो."

मी हो म्हणालो.

वर्ध्याच्या पुढे गेल्यावर एसटीतच मी बोटाला चिकटपट्टी गुंडाळली. यवतमाळहून निघतानाच ती खिशात घेतली होती – म्हणजे सुगत बोलत होता तेव्हा ती माझ्या खिशात होती. मास्तरांना सांगितलं, बोट कापलंय, वाजवता येणार नाही. त्यांना वाईट वाटलं. चहा दिला. मग विचारलं, तुमच्याकडे असा दुसरा कुणी आहे का? वाजवणारा आणि गाणारा?

मी म्हणालो, नाही.

हे ते. एवढा एकच शब्द. सुगत आला असता, त्यानं पहिले चार ठोके वाजवले असते, आणि अमरावतीला कोण वाजवत होतं ते मास्तरांना लगेच कळलं असतं. मला ते नको होतं. भिंतीवरचा तो फोटो मला खरा हवा होता. पट्टीखाली बोट धडधाकट होतं आणि चहाचा कप मी त्याच हातानं धरला होता.

परत येऊन सुगतला म्हणालो, मास्तरांना माणूस मिळाला.  तो स्वतःच्याच गाण्याची ओळ म्हणाला, एसटी गेली तं जाऊ दे. पुढच्या वर्षी त्यानं ती गिटार विकली. आता तो कळंबला ऑटो चालवतो. मी त्याच्या ऑटोत बसलोय. हँडलवर हात असतात आणि तो गात असतो, एक शब्द चुकत नाही. त्यानं माझ्याकडून भाडं घेतलं नाही.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीनं गिटारचा क्लास लावला. फोटोकडे बोट दाखवून म्हणाली, बाबा, तुम्ही दोन्ही एकदम कसं करायचात? मी तिला सांगितलं – ऐका, मी काय सांगितलं ते – हाताला कळू द्यायचं नाही की आपण गातोय, त्याला वाटू दे आपण कंडक्टरशी बोलतोय. सुगतचे शब्द, माझ्या तोंडून, शुद्ध भाषेत. ती खूश होऊन गेली. मी तिथंच उभा राहिलो.

फोनवर हे सांगता येणार नव्हतं. तो "वायरवाला" म्हणाला असता, मी हसलो असतो आणि विषय संपला असता. म्हणून पत्र लिहिलं. काल टाकलं.

सुगत,

मास्तरांना माणूस मिळालेला नव्हता. त्यांनी मला विचारलं, असा दुसरा कुणी आहे का. मी नाही म्हणालो. तुझं नाव मी घेतलंच नाही. माझं बोटही कापलेलं नव्हतं. ती पट्टी यवतमाळपासून माझ्या खिशात होती, तू मला सोडायला आलास तेव्हासुद्धा.

भिंतीवरचा फोटो मी उतरवला. मुलीनं विचारलं का, तेव्हा तिला सांगितलं की यात वाजवतोय तो माणूस दिसत नाही. तो कळंबला असतो, त्याचं नाव सुगत.

गजानन