उलट्या पिळाची कड

म्हसवडच्या स्टँडवर मुंबईची एसटी लागली आणि दाराशी झुंबड उडाली. आईनं अंगावरची घोंगडी काढली, गुंडाळली आणि खिडकीतून आत टाकून माझ्यासाठी जागा धरली. लोक रुमाल टाकतात, टोपी टाकतात. आईकडे त्या वेळी घोंगडीच होती. मी आत शिरून तिच्यावरच बसले. आई खिडकीखाली येऊन म्हणाली, "बस निवांत. आता कोण उठवत न्हाय तुला."

गाडी हलली तेव्हा खालून काढून घेतलेली घोंगडी माझ्या मांडीवर होती. डिसेंबर होता. आईनं पदर दोन्ही दंडांवरून ओढून घेतला होता. मी ओरडले, "आये, घोंगडी!" तिनं नुसता हात हलवला. तो हात 'राहू दे' म्हणत होता की 'जा आता' म्हणत होता, हे मला तेव्हा कळलं नाही. गाडी वळली आणि विमानात चढेपर्यंत ते ओझं माझ्या काखेत राहिलं.

त्याला अठरा वर्षं झाली. आम्ही नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला राहतो. मी एका औषध कंपनीच्या क्वालिटी विभागात आहे. गोळ्यांमधले दोष शोधायचे पैसे मिळतात मला. घोंगडी इतकी वर्षं क्लोजेटच्या वरच्या फळीवर, डांबराच्या गोळ्यांसोबत. सुरुवातीला तिच्या मेंढरांच्या वासाची लाज वाटायची. नंतर वास गेला आणि वेगळंच काहीतरी टोचायला लागलं. आपण आईच्या अंगावरचं पांघरूण उचलून आणलं, असं. दर रविवारी फोन व्हायचा, पण ना तिनं विषय काढला, ना मी. तिनं 'हो, विसरलेच बघ' म्हटलं असतं तर काय केलं असतं मी? चार वर्षांपूर्वी आई गेली आणि विचारायचं राहूनच गेलं.

आमच्याकडे बायका सूत काततात आणि माग बाप्ये चालवतात. वडील वारल्यावर आई स्वतः मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली. भावकीत कुजबुज झाली, तिनं ती कानाआड केली. ही घोंगडी मी निघाले त्याच वर्षी तिनं विणलेली. आता गावात आमच्या आळीत एकही माग नाही. खड्डा बुजवून भावानं त्यावर फरशी घातली, आणि मी इथून त्याला फोनवर 'छान दिसतंय' म्हणाले.

यंदा इथल्या एका छोट्या म्युझियमनं भटक्या मेंढपाळ बायकांचं विणकाम जपायचा प्रकल्प काढला. सुरुवात जॉर्डनच्या बेदुइन बायकांपासून. त्यांचे काळे लोकरी तंबू आता उरले नाहीत, लोक सिमेंटच्या घरात गेले, मुलींना विणता येत नाही. हे वाचताना मला आमचीच फरशी दिसली. मी क्युरेटरला फोन केला. तिनं ताबडतोब बोलावलं. घोंगडी दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवणार, म्हणजे कसर मरते. मग बिनआम्लाच्या कागदात, खोक्यात. पुढे शंभर वर्षं टिकेल म्हणाली. फक्त फॉर्मवर सही केली की ती माझी राहणार नव्हती.

लेकीला विचारलं. ती अकरावीत आहे. म्हणाली, "आई, जस्ट गिव्ह इट टू देम. यू नेव्हर इव्हन टच इट." खोटं नव्हतं ते.

शनिवारी घोंगडी घेऊन म्युझियमला गेले. हॉलमध्ये एक साठीची बेदुइन बाई जमिनीवर बसून विणत होती. तिला सगळे उम्म सालेम म्हणत होते, म्हणजे सालेमची आई. आमच्याकडेही थोरल्याच्या नावानंच हाक मारतात, त्यामुळे मला ते लगेच जमलं. तिच्या मागाला जमिनीत खुंट्या ठोकाव्या लागतात. म्युझियमनं फरशीला हात लावू दिला नव्हता, म्हणून उभ्या धाग्यांचा ताणा दोन जड टेबलांच्या पायांना बांधलेला. ती त्यावरून मोडक्या इंग्रजीत कुरकुरत होती. मला ती आवडली.

क्युरेटर फॉर्म आणायला आत गेली. उम्म सालेमनं माझी घोंगडी मांडीवर ओढली, डोळे मिटून बोटं फिरवत कडेपर्यंत गेली आणि थांबली. कडेची एक दशी चिमटीत धरून उलगडली. मग दुसरी. "ही कड दुसऱ्या हाताची आहे," ती म्हणाली. "पीळ उलटा. डावखुरी होती का कोणी?"

मी डावखुरी आहे.

नऊ वर्षांची असताना मी आईची टकळी घेऊन एक आख्खी सुट्टी सूत कातलं होतं. डाव्या हातानं, म्हणून पीळ उलटा बसला. आईनं बघितलं आणि म्हणाली, "उलटा पीळ हाय, पोरी. ह्याचं काय करू?" मी टकळी टाकली ती टाकलीच. हे काम आपलं नाही, हे घर आपल्या कामाचं नाही, असं ठरवून पुस्तकात डोकं घातलं. पार अमेरिकेपर्यंत. माझी सगळी गोष्ट मी या एका वाक्यावर उभी केली होती.

आणि तिनं ते सूत ठेवलं होतं. किती वर्षं! दुहेरी करून कडेला घातलं होतं. मागावर सगळा ताण कडेच्या धाग्यावर येतो. तो तुटला की विणणारी वैतागते. दोष शोधणाऱ्या मला अठरा वर्षांत तो उलटा पीळ दिसला नाही. की लोकर कमी पडली म्हणून पोत्याच्या तळाशी होतं ते घातलं? तसंही असेल. मग अंगावरून काढून खिडकीत टाकली ती जागेसाठी, की मला द्यायचीच होती म्हणून? तिकडे राहिलेल्यांनो, तुम्ही आईजवळ होतात. तुम्हाला तरी ती काही बोलली का? आणि इकडे आलेल्यांनो, तुम्ही ज्या वाक्यावर घर सोडलंत ते एकदा तपासून बघा, एवढंच म्हणते.

क्युरेटर फॉर्म घेऊन आली. 'कोणी बनवली' या रकान्यात आईचं नाव तिनं आधीच लिहिलं होतं. मी पेन हातात घेतलं आणि रडायला आलं. उम्म सालेम क्युरेटरला म्हणाली, "माझ्या आईचा तंबू एका म्युझियममध्ये आहे. मला हातमोजे घालून हात लावू दिला."

सही केली नाही. पुन्हा जाऊन करेनही कदाचित. घरी ती फळीवरच पडून राहणार असेल, तर खोकं काय वाईट? मला खरंच कळत नाही.

गाडीत घोंगडी शेजारच्या सीटवर ठेवली. निघाले तर गाडी टिंगटिंग वाजायला लागली. वजन लागलं की तिला वाटतं, माणूस बसलंय. उचलून मागे टाकता आली असती. मी बेल्ट ओढला, घोंगडीवरून घेतला आणि लावला. आवाज थांबला. अठरा वर्षांपूर्वी तिनं माझी जागा धरली होती, आता मी तिची धरून घरी निघाले.