वाचायचा चष्मा

बाबा रफूगार. सुटाला, शालीला भोक पडलं की त्याच कापडाचा धागा काढून ते विणून भरायचे. गिऱ्हाईक न्यायला आलं की कपडा त्याच्या हातात देऊन म्हणायचे, "शोधा." कुणालाही सापडायचं नाही. तेवढीच त्यांची ऐट. बाकी माणूस म्हणजे गरीब गाय.

चष्मा मात्र बाटलीच्या बुडासारखा. आई म्हणायची, "अहो, त्या काचांमागं तुमचे डोळे वाटाण्याएवढे दिसतात. एकदा तरी माझा नवरा मला पुरता बघू द्या." कामाला बसताना बाबा तो काढून ठेवायचे. कापड नाकाला टेकेल इतकं जवळ घेऊन धागान्‌धागा बघायचे.

लेसरला आईनंच हट्टानं नेलं. दवाखान्यातल्या बाईंनी सगळं नीट सांगितलं, उगाच नावं कशाला ठेवू? थेंब घालून डोळा बधिर करतात, दिव्याकडे बघत पडून राहायचं, काही मिनिटांत उरकतं. मग डोळे चोळायचे नाहीत. ते कोरडे पडतील, रात्री दिव्यांभोवती कडी दिसतील.

"आणि तुमच्या वयाला लांबचं स्वच्छ दिसेल, पण वाचायला चष्मा लागेल."

"मी कुठं वाचतो!" बाबा म्हणाले. आम्ही सगळेच हसलो. कामाला चष्मा लागतो का, हेही बाईंनी विचारलं. "कामाला? छे, मुळीच नाही," बाबा ऐटीत म्हणाले. खरंच होतं ते.

दुसऱ्या दिवशी आई त्यांच्यासमोर उभी राहिली. "दिसते का?"

"दिसतेस की. चष्म्यातून तरुण दिसायचीस."

तिनं चापट मारली. तिला इतकी खूश मी पुन्हा पाहिली नाही.

काही दिवसांनी बाबा कामाला बसले. सवयीनं कापड नाकाशी नेलं, तर नुसतं धुकं. मग वाचायचा चष्मा आणला, भिंगही आणलं. पण हाताला ठाऊक असलेलं अंतर गेलं ते गेलंच. गिऱ्हाइकांना आता रफू सापडायचं. बाबांनी "शोधा" म्हणणं सोडून दिलं. आई स्वतःलाच बोल लावत राहिली, आणि त्याच हिवाळ्यात छातीत कळ येऊन वारली.

मागं तिची शाल राहिली, कसरीनं खाल्लेली. "गिऱ्हाइकांचं होऊ दे, मग तुझी," असं बाबा कैक वर्षं म्हणत आले होते. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! आता त्यांनी ती भरायला घेतली. भरायचे, उसवायचे, पुन्हा भरायचे. मधेच डोळ्यांत औषधाचे थेंब घालायचे. गालावर ओघळायचं ते औषधच होतं का, हे मी विचारलं नाही.

एका दुपारी शाल माझ्या हातात देऊन ते पलीकडच्या भिंतीशी जाऊन बसले.

"शोध."

रफू माझ्या अंगठ्याखालीच होतं, खपलीसारखं ठसठशीत. मी शाल उलटसुलट केली, उजेडात धरली. जीव तुटत होता माझा.

"नाही सापडत, बाबा."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"लांबचं मला स्वच्छ दिसतं गं आता," ते म्हणाले.