शीकाकांचा डावा बूट

त्यांना सगळे शीकाका म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्यांना ते ठाऊक होतं. त्यांच्या जोडे दुरुस्तीच्या दुकानात कुणी पिशवीतून बूट काढला, की काका आधी नाक मुरडत, मग "शी!" म्हणत आणि मगच बूट हातात घेत. एकेचाळीस वर्षं हा धंदा केल्यावर माणसाला पायांच्या वासाचं काही वाटू नये. काकांचं उलट झालं होतं. वर्षागणिक किळस वाढतच गेली होती. बुटाचा आतला काळा, चिकट तळ पाहिला, की तो पायच डोळ्यांसमोर उभा राही. कुणाची नखं वाढलेली असणार, कुणाच्या बोटांच्या बेचक्यात काय साठलेलं असणार, हे त्यांना पाय न बघता कळे. त्यामुळे जगातल्या सगळ्या पायांवर त्यांचा राग होता, आणि त्यातून स्वतःचे पाय सुटले नव्हते.

अशा माणसाला मधुमेह व्हावा आणि दवाखान्यातल्या नर्सबाईंनी त्याला सांगावं, की रोज संध्याकाळी आरसा घेऊन तळपाय बघत जा!

तसा काकांना त्या आजाराचा सगळाच कारभार ओंगळ वाटे. सकाळी उठून तोंड धुवायच्या आधी बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब पिळून काढायचा आणि तो त्या चिमुकल्या मशीनला पाजायचा. मग सदरा वर करून सुटलेल्या पोटाची चिमूट धरायची आणि इन्सुलिनचं पेन खुपसायचं. मग गोळी. मग वीस मिनिटं घड्याळाकडे बघत बसायचं आणि भूक असो नसो, जेवायचं. बिनसाखरेचा चहा म्हणजे त्यांच्या मते भांडी विसळलेलं पाणी. त्यात भेटेल तो वैद्य. कुणी म्हणे, पाला चावा, कुणी म्हणे, बी भिजवून प्या. एका गिऱ्हाइकाने तर आपल्या मेव्हण्याच्या लघवीचा सविस्तर इतिहास सांगितला होता, तोही काका डबा खात असताना.

पण हे सगळं ते नाक दाबून का होईना करीत. पाय बघणं मात्र त्यांच्याने होईना. नर्सबाईंनी एक तक्ता दिला होता. त्यात तारखा होत्या आणि प्रत्येक तारखेपुढे चौकोन. पाय बघितला की बरोबरची खूण करायची. काकांनी एका रविवारी बसून महिन्याभराच्या खुणा करून टाकल्या.

"काका, आज अठरा तारीख आहे," नर्सबाई तक्ता पुढे धरून म्हणाल्या. "एकोणीस ते तीसचे पाय तुम्ही कधी बघितलेत?"

"तसेच असतात हो बाई पाय. रोज काय बदलतात का?"

"बदलतात. तुमच्या पायांची जाणीव गेलीये. काही टोचलं, भाजलं तरी तुम्हाला कळणार नाही. आणि हे काळे मोजे का? पांढरे घाला म्हणून सांगितलं होतं ना? डाग पडला तर दिसतो."

"पॉलिशच्या दुकानात पांढरे मोजे? लोक हसतील."

"हसू देत. पाय गेल्यावर कुणी हसत नाही."

हे शेवटचं वाक्य काकांच्या मनात रुतलं, कारण मागच्या गल्लीतला घड्याळजी. त्यालाही हाच आजार होता. अंगठ्याच्या फोडापासून सुरुवात झाली आणि गुडघ्याखालून पाय काढावा लागला. तो हल्ली कुबडी टेकत दुकानात येई आणि टाच बदलायला एकच बूट देई. "जोडीतला दुसरा घरी आहे, अगदी कोरा," असं स्वतःच सांगून हसे. त्याला निदान टेबलापाशी बसून काम करता येत होतं. काकांचं तसं नव्हतं. शिवताना बूट दोन्ही पायांच्या चिमटीत धरायचा, गुडघ्यांनी दाबायचा, मग आरी चालवायची. एक पाय गेला, की दुकानाला कुलूपच. हे ते जाणून होते. घड्याळजी दुकानातून गेला, की दर वेळी ठरवत, की आज संध्याकाळी आरसा घ्यायचाच. संध्याकाळी मोजे तसेच ठेवून जेवायला बसत.

दुकानात मात्र त्यांची शिस्त कडक होती. आलेल्या जोड्याच्या तळावर खडूने गिऱ्हाइकाची खूण करायची. काम झालं, की आत हात घालून बोटांनी सगळा तळ चाचपायचा, खिळ्याचं टोक वर आलेलं नाही ना, ते बघायचं. मगच जोडा फळीवर. "शी, शी" म्हणत म्हणत, पण हात घातल्याशिवाय एकेचाळीस वर्षांत एकही जोडा फळीवर चढला नव्हता.

एका सोमवारी काकांच्या स्वतःच्या डाव्या बुटाचा तळ पुढून सुटला. बोलायला लागला, असं ते म्हणत. एरवी त्यांनी तो जमिनीत रोवलेल्या उलट्या लोखंडी पायावर चढवून ठोकला असता. लोखंडावर आपटलं, की खिळ्याचं टोक आपोआप वळतं आणि चामड्यात निजतं. पण त्या वेळी लोखंडी पायावर पोस्टमनचा बूट डिंक वाळण्यासाठी दोरीने आवळून ठेवलेला होता. काकांनी आपला बूट लाकडी ओंडक्यावर धरला, तीन बारीक खिळे ठोकले आणि पायात सरकवला. स्वतःच्या बुटावर खडूची खूण कोण करतो? खूण नाही, म्हणून फळी नाही, आणि फळी नाही, म्हणून हातही नाही.

लाकडावर टोक वळत नाही. हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं.

मंगळवार, बुधवार गेले. सकाळचं मशीन दोनशे ऐंशी दाखवू लागलं, मग तीनशे बारा. काकांनी मशीनला एक टपली मारली आणि बिघडलं म्हणून ठेवून दिलं. अंगात कसकस वाटत होती. हवा बदलली असेल. शुक्रवारी दुकानात वास यायला लागला.

त्यांनी आयुष्यभरात हुंगलेल्या वासांहून तो वेगळा होता. घामाचा नाही, ओल्या चामड्याचा नाही. गोडसर, जड, घशाशी येणारा. काकांनी फळीवरचा एकेक जोडा नाकाशी नेला. शिक्षिकाबाईंच्या सपाता, बेकरीवाल्याचे पीठ माखलेले बूट, दोन शाळकरी जोड. शेवटी नजर पोस्टमनच्या बुटांवर गेली. दिवसभर पायपीट करणारा माणूस, दुसरं कोण असणार! त्यांनी ते बूट चिमटीत धरून दुकानाबाहेर पायरीवर ठेवले. वास गेला नाही. मुरला असेल.

दुपारी पोस्टमन बूट न्यायला आला. दुकानात दोन बायका चपला शिवून घ्यायला थांबल्या होत्या.

"काका, माझे बूट पायरीवर का?"

"त्यात उंदीर मेलाय."

"उंदीर? अहो, त्यात मी पाय घालतो फक्त."

"मग तोच मेलाय. घ्या ते, आणि आधी सोड्यात बुडवून ठेवा. माणसाने इतकं घाण राहू नये हो! आमच्या नाकाचा काही विचार?"

बायका पदराआड हसल्या. पोस्टमनचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्याने बूट उचलले, एकदा वास घेतला, पुन्हा घेतला आणि निघून गेला.

काकांनी त्या दिवशी लवकर दुकान बंद केलं. मोकळ्या रस्त्यावर बरं वाटेल, असं वाटलं होतं. पण वास बरोबर चालत होता. कोपऱ्यावर वळले, तोही वळला. घरी आल्यावर त्यांनी बूट दाराशी काढले, नेहमीप्रमाणे मोजे पायातच ठेवले आणि आत पाऊल टाकताच ओरडले, "अगं, घरात काहीतरी कुजलंय! कचरा टाकला नाहीस का?"

काकूंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, पण नाक शाबूत होतं. त्या खुर्चीत बसून शेंगा सोलत होत्या. हात थांबवून त्या म्हणाल्या, "कचरा सकाळीच गेला."

"मग हा वास कसला?"

"अहो, दोन दिवस झाले येतोय. तुम्ही आलात की येतो आणि तुम्ही गेलात की जातो. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे, बोलायचं नसेल. तुमचा स्वभाव काय मला माहीत नाही?"

सून स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. ती कापडाच्या गिरणीत तपासनीस होती. कापडाच्या अख्ख्या थानातला एक सुटलेला धागाही तिच्या नजरेतून निसटत नसे. तिने सासऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

"बाबा, मोजे काढा."

"काही नको."

"बाबा, काढा मोजे."

"सुनेने सासऱ्याचे पाय हुंगायचे, एवढंच राहिलं होतं! मला काही झालेलं नाही. दुखतं तरी का कुठे? बुटाचा वास असेल. थांब, दाखवतो."

त्यांनी दाराशी जाऊन डावा बूट उचलला आणि तिच्यासमोर आत हात घातला. एकेचाळीस वर्षांच्या सवयीने बोटं तळावरून पुढे सरकली. "शी," ते म्हणाले. आणि मग एकदम हात बाहेर ओढून घेतला. रोज सकाळी सुई टोचायच्या त्याच बोटावर रक्ताचा थेंब होता. बोटाला लागलं होतं. चांगलंच झोंबलं होतं.

पाच दिवस ते या टोकावर चालत होते.

त्यांनी बूट खाली ठेवला. लोखंडी पाय, दोरीने आवळलेला पोस्टमनचा बूट, लाकडाचा ओंडका, सगळं क्रमाने डोळ्यांसमोरून गेलं. मग ते दारातच बसले आणि भिंतीकडे तोंड करून त्यांनी पाय सुनेसमोर लांब केला.

"बघ तू. मला सांगू नकोस."

मोजा सहजी निघेना, कोमट पाण्याने भिजवून काढावा लागला. सुनेने एकदाच श्वास रोखल्याचं काकांनी ऐकलं. मग ती उठली, हात धुतले आणि रिक्षा आणायला गेली. काकू चाचपडत येऊन नवऱ्याजवळ जमिनीवर टेकल्या. "किती घाण आहे गं मी," काका म्हणाले. "आहात," काकू म्हणाल्या आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून बसून राहिल्या.

डॉक्टरांनी अंगठ्याशेजारचं बोट काढलं आणि तळव्यातलं कुजलेलं खरवडून काढलं. पुढचे दहा दिवस पायाचं काय होतं, ते कुणीच सांगू शकत नव्हतं. काका रोज पट्टी बदलताना छताकडे बघत आणि परिचारिकेला विचारत, "वास येतोय का?" येतो, येतो, कमी आहे, येतो. अकराव्या दिवशी ती म्हणाली, "आज नाही." काकांनी तिला पुन्हा हुंगायला लावलं.

दोन महिन्यांनी दुकान उघडलं. डाव्या बुटात गेलेल्या बोटाच्या जागी त्यांनी लोकरीचा बोळा शिवून घेतला होता. पायांत पांढरे मोजे होते, आणि ते खरंच फार वाईट दिसत होते. घड्याळजी सगळ्यात आधी आला. काकांचे दोन्ही पाय बघून म्हणाला, "वाचलात. नाहीतर माझा कोरा उजवा तुम्हाला देणार होतो."

पोस्टमन पत्र टाकायला आला तो पायरीवरच उभा राहिला. आत यायला तयार नव्हता. काकांनी त्याला हाक मारली, तरी तो तिथूनच म्हणाला, "नको. तुमच्या नाकाला त्रास होईल."

"या हो. तुमच्या बुटांत काही नव्हतं."

"ते मला ठाऊक आहे. मी दोन दिवस सोड्यात भिजवले, मग बायकोला हुंगायला लावले. ती आजवर हसतेय. मग उंदीर होता कुठे?"

काकांनी डावा पाय पुढे केला. "माझ्यात."

पोस्टमनने पायाकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि आत येऊन बाकावर बसला. त्याने बूट काढून पुढे केले. टाचा झिजल्या होत्या. काकांनी ते हातात घेतले, नाक मुरडलं आणि सवयीप्रमाणे "शी!" म्हणाले. पोस्टमन इतका मोठ्याने हसला की शेजारचा बेकरीवाला डोकावला.

संध्याकाळचा पाय आता सून बघते. गिरणीत तिची दुसरी पाळी असली, की काकांना स्वतःला बघावा लागतो. आरसा जमिनीवर ठेवायचा, वर पाय धरायचा आणि डोळे उघडे ठेवायचे. ती पांढुरकी, भेगाळलेली कातडी, ते पिवळट नखांचे चार ठोंबे आणि मधली ती बोडकी फट.

"शी!" ते म्हणतात.

"काय झालं?" काकू खुर्चीतून घाबरून विचारतात.

"काही नाही. कालच्याइतकाच घाणेरडा आहे."

"मग बरं आहे," काकू म्हणतात आणि पुन्हा शेंगा सोलायला लागतात.