सांभाळून घेणारी माणसं

आमच्या घरात कोणी वाक्य विसरलं तर रागवायचं नाही, त्याला सांभाळून घ्यायचं, हे मी शाळेत जायच्या आधी शिकले. मलकापुरात आमचं घर म्हणजे नाटकवाल्यांचं घर. आजोबा नाटकात, बाबा नाटकात, आणि आई लग्न होऊन आली तर वर्षाच्या आत तिच्याही तोंडाला रंग लागला. पोटासाठी बाबांची नांदुऱ्याच्या एका कचेरीत कारकुनी होती आणि आईची शाळा. संध्याकाळी समोरच्या खोलीतल्या खुर्च्या भिंतीला लावल्या की तालीम सुरू व्हायची.

प्रॉम्प्टर ठेवणं बाबांना कमीपणाचं वाटायचं. समोरचा अडकला तर त्याचं वाक्य आपण प्रश्न करून त्यालाच विचारायचं, ही आमच्या घरची रीत. त्याला म्हणायचं असेल, मी उद्या निघतो. तर आपण म्हणायचं, काय, उद्याच निघालात? तो नुसतं 'हो' म्हणाला तरी गाडी पुढे जाते आणि प्रेक्षकाला पत्ता लागत नाही. मी यात पटाईत होते. तेव्हा केवढा तोरा होता मला याचा. आता कोणी विचारलं की अभिनय घरातूनच मिळाला असेल ना, तर मी विषय बदलते.

बुलढाण्यात स्पर्धेचा प्रयोग होता. सासरहून परत आलेल्या मुलीला दारातूनच हाकलून देणारा बाप बाबा करायचे आणि ती मुलगी मी. शेवटच्या अंकात त्यांचं लांबलचक भाषण होतं. मी दारात उभी राहिले, बाबा वळले, त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि गप्प. नुसते पाहत राहिले. विंगेत आईने पदर तोंडाला लावलेला मला दिसला. मग मीच सुरू झाले. "म्हणा ना बाबा, या घरात तुला जागा नाही म्हणा. तुमच्या तोंडून ऐकायचंय मला." ते काही बोलेनात. त्यांचं अख्खं भाषण मी प्रश्न करून करून एकटीने ओढत नेलं. शेवटी त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते नाटकात कुठेच लिहिलेलं नव्हतं. पडदा पडला तरी टाळ्या थांबल्या नाहीत.

मुंबईचे एक दिग्दर्शक तो प्रयोग बघायला आले होते. मेकअपरूममध्ये येऊन त्यांनी बाबांचे दोन्ही हात धरले. म्हणाले, असं थांबायला आयुष्य लागतं, आणि पोरीच्या तर रक्तातच आहे. बाबा कसनुसं हसले. मला मालिकेत काम मिळालं ते तिथेच, त्या खोलीत. बाबांचं ते थांबणं अभिनय नव्हता, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं, आणि तिघांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही.

परतताना जीपमध्ये मी बाबांना चिडवलं, "बाबा, असेच विसरत जा, मले कामं भेटतीन."

"हाव माय, तुह्यासाठी समदंच विसरीन," ते म्हणाले. आम्ही सगळेच हसलो.

मी मुंबईला गेले. इकडे एक दिवस बाबा डबा घेऊन बसने नांदुऱ्याला गेले आणि कचेरीत आपल्या जुन्या टेबलापाशी जाऊन बसले. रिटायर होऊन त्यांना बराच काळ झाला होता. तिथल्या लोकांना वाटलं भेटायला आलेत, त्यांनी चहा पाजला. मी सुटीवर आले तेव्हा आईने त्याचं नाटुकलंच करून दाखवलं, साहेबाचा आवाज वेगळा, शिपायाचा वेगळा. बाबाही उठले आणि स्वतःची भूमिका स्वतःच करायला लागले. मी पोट धरून हसले. ते हसणं आठवलं की आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

ते मला नाटकातल्या त्या मुलीच्या नावाने हाक मारायचे. मी तिच्याच वाक्याने ओ द्यायची. जेवताना भाजीचं नाव अडलं की आई विचारायची, "मेथी पाह्यजे का अजून?" ते म्हणायचे, हाव. दुसऱ्या कुठल्याही घरात कोणीतरी म्हटलं असतं, अहो, यांना काय होतंय, दाखवून आणा. आम्ही मात्र त्यांचं एकही वाक्य खाली पडू दिलं नाही, आणि त्यात आम्हाला मजा वाटत होती. शिकलीसवरलेली माणसं आम्ही.

एकदा आई फोनवर म्हणाली, "तुह्या बाबाले आता दिवसभर वाक्य द्या लागते वं. थकली मी."

"मग मानधन माग," मी म्हणाले. मला सीनसाठी बोलावत होते, मी फोन ठेवला.

डोक्यात प्रकाश पडला तो सेटवर. माझ्यासमोरचा नट अडकला आणि सवयीने मी त्याचं वाक्य प्रश्न करून टाकलं. दिग्दर्शकाने सीन थांबवला आणि सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढली. "ते वाक्य तुझं नाही. त्याला विसरू दे. तो कुठे अडकतोय ते मला दिसायला नको का?" बाकीचे हसले. आईचं ते 'थकली मी' मला तेव्हा ऐकू आलं. त्याच आठवड्यात मी घरी आले.

बाबांना घेऊन घाट चढून बुलढाण्याला निघालो. मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती. बाबांनी इस्त्रीचा कुडता घातला होता.

"प्रयोग कितीले हाय?" त्यांनी गाडीत विचारलं.

"अकरा वाजता," मी म्हणाले. पुन्हा तेच. जीभ वळलीच नाही खरं सांगायला.

डॉक्टर तरुण होते, शांत होते. त्यांनी विचारलं, "काका, आज वार कोणता?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, काल सोमवार होता ना..." मी बोलून गेले.

"ताई, तुम्ही नका सांगू," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, घरी कोण कोण असतं. बाबांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि मी पुन्हा तोंड उघडलं, "आई आज घरी एकटीच आहे ना..."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही गप्प बसल्याशिवाय मला यांचं काही कळणार नाही. आजवर असंच चाललं का घरी?"

मी हो म्हणाले.

मग त्यांनी बाबांना विचारलं, "या कोण आहेत, काका? तुमच्यासोबत आल्यात त्या?"

बाबा माझ्याकडे बघत राहिले. स्टेजवर दारात बघितलं होतं, तसंच. वाक्य येईल म्हणून थांबले होते. उत्तर माझ्या अगदी ओठांवर होतं आणि मला ते द्यायचं नव्हतं. मी फरशीकडे बघत बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचं वाक्य पडू दिलं.

मग बाबांनी घसा साफ केला, खुर्चीत ताठ झाले आणि डॉक्टरांकडे वळले. आवाज स्टेजवरचा होता, स्वच्छ.

"पोरगी नवीन आहे, साहेब," ते म्हणाले. "वाक्य विसरली. सांभाळून घ्या."