जमिनीवर काही ठेवायचं नाही

अर्ध्या दौंड शहराच्या पायाखाली माझ्या मामांनी बसवलेली फरशी आहे, आणि त्या फरशीवर ठेवलेली एकही वस्तू माझ्या मामांना बघवत नाही. पाण्याची घागर असो, गॅसची शेगडी असो, पाहुण्यांची बॅग असो, जमिनीवर काही दिसलं की मामा अस्वस्थ होतात आणि ते उचलून कशावर तरी ठेवतात. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर माणसं आधी पाणी पितात, मग खुशाली विचारतात. मामा आधी विटा कुठं मिळतील ते विचारतात. त्यांच्या जुन्या स्कूटरच्या डिकीत दोन विटा कायम असतात. एकदा हायवेला पोलिसांनी गाडी अडवून डिकी उघडायला लावली आणि "ह्या कशाला?" असं दरडावून विचारलं. मामा नम्रपणे म्हणाले, "न्हाई साहेब, कुणाची शेगडी खाली असली तर." साहेबांनी थोडा वेळ मामांच्या तोंडाकडे बघितलं आणि लायसन न बघताच त्यांना जाऊ दिलं.

ह्या वेडाचं मूळ त्यांच्या गुडघ्यांत आहे. फरशीचं काम गुडघ्यांवर चालतं. एक फरशी ठेवायची, ठोकायची, दोरीशी जुळवायची, हातभर मागं सरकायचं, की पुन्हा तेच. "लोक आयुष्यात पुढं जात्यात, आमचा दादा जल्मभर मागं सरकत गेला," असं माझी आई म्हणते. ती त्यांची धाकटी बहीण आहे, तिला असं बोलायचा हक्क आहे. तर असं मागं सरकता सरकता मामांचे गुडघे ऐन उमेदीत संपले. आता ते वाकले की जुनं कुलूप उघडल्यासारखा आवाज येतो. खाली बसायला एक माणूस लागतो आणि उठायला दोन. म्हणून मामा खाली बसतच नाहीत. पंगतीत ते वाढप्यांच्या बाजूला उभ्यानं जेवतात. कीर्तनाला खांबाला टेकून उभे राहतात. एका सप्ताहात बाहेरगावहून आलेल्या महाराजांनी त्यांना टाळकरी समजून त्यांच्या हातात टाळ दिले. नाही कसं म्हणायचं, म्हणून मामांनी ते शेवटपर्यंत वाजवले. त्या दिवशी अभंग फार लवकर आटोपले, असं ऐकणारे सांगतात.

प्रत्येकाचं काम त्याच्या अंगात कुठं ना कुठं जाऊन बसतं, असं मामांचं म्हणणं आहे. "आमचं गुडघ्यात बसलं," ते सांगतात, "तुमचं कुठं बसलंय ते बघा." त्यामुळे ते कुणाला 'कसं काय' असं विचारत नाहीत. ट्रकवाल्याला विचारतात, "कंबर काय म्हणती?" न्हाव्याला विचारतात, "खांदा काय म्हणतो?" हे अंदाज बरोबरच येतात असं मात्र नाही. बँकेत नव्यानं आलेले एक साहेब लंगडताना दिसले, तेव्हा मामांनी रांग सोडून पुढं जाऊन त्यांना खुर्ची कशी चुकीची आहे ते समजावून सांगितलं. साहेब म्हणाले, "अहो, मी क्रिकेट खेळताना पडलोय." मामा म्हणाले, "मग खुर्चीतच बसायचं की ओ."

त्यांच्या शेजारी एक शिंपीचाचा राहतात. शाळेचे गणवेश शिवून शिवून त्यांची मान कायमची पुढं आली होती आणि गळ्यात पट्टा लागला होता. मशीन खाली आहे म्हणून मान वाकते, असं मामांनी ठरवलं आणि मशीनच्या पायांखाली विटा लावल्या. मशीन वर गेलं तसे चाचांचे हात पोचेनात, म्हणून स्टुलाखालीही विटा आल्या. पायडल मशीनबरोबर आधीच वर गेलं होतं. सगळं झाल्यावर चाचा वर चढून बसले, थोडा वेळ शिवून बघितलं आणि म्हणाले, "मामा, मान होती तिथंच हाय. फकस्त पंखा जवळ आला." पुढं चाचांच्या सुनेनं त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं, चष्मा लागला आणि मान बरीचशी सरळ झाली. मामा अजूनही त्याचं श्रेय विटांना देतात. "बल्बाच्या जवळ गेले ना ते," असं त्यांचं म्हणणं. चाचा हसतात, पण विटा त्यांनी काढलेल्या नाहीत.

मी हे सगळं हसत सांगते आहे, कारण हसू येण्यासारखंच आहे. पण ह्या माणसाच्या ह्याच वेडावर माझं शिक्षण उभं राहिलं, तेही सांगायला हवं.

माझे वडील मी लहान असतानाच गेले. आई भांडगावजवळच्या एका वखारीत कांदा निवडायला जायची. वखारीत कांद्याचा ढीग जमिनीवर ओतलेला असतो आणि बायका त्याच्याभोवती बारदानावर उकिडव्या बसून मोठा एकीकडं, गोल्टी म्हणजे बारका एकीकडं, जोडकांदा वेगळा, सडका वेगळा असं दिवसभर करत असतात. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते, तेव्हा एका सकाळी आईला बारदानावरून उठताच येईना. डॉक्टरांनी फोटो काढला आणि मणक्यात गॅप आहे म्हणून सांगितलं. खाली बसायचं बंद, वाकायचं बंद, वजन उचलायचं बंद. आईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग चालू काय ऱ्हायलं, डॉक्टर?"

घरी आल्यावर मी सांगून टाकलं की मी कॉलेज सोडते आणि शिरूरच्या पुढं कंपनीत कंत्राटावर लागते. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं, त्यामुळे ह्यात फार काही बिघडेल असं मला वाटलं नाही. आई भिंतीकडं तोंड करून पडली होती. तिचा खांदा हलत होता. मामा दारात उभे होते. ते म्हणाले, "तू कॉलेजला जा पोरी. कांदा खाली हाय म्हणून तुझी आई वाकती. कांदा वर आणू."

पडायला काढलेल्या एका घराची दोन जुनी दारं मामांनी मागून आणली. वखारीत तेलाच्या रिकाम्या बॅरलवर विटा चढवून त्यांवर ती आडवी टाकली, कांदा घरंगळू नये म्हणून कडेनं पट्ट्या ठोकल्या. वखारीच्या मालकांनी हात कमरेवर ठेवून ते सगळं बघितलं. "मामा, कांदा निवडायचाय, का कांद्याचं लग्न लावायचंय?" बायका तर पदर तोंडाला लावून हसत होत्या. एक मावशी म्हणाली, "आता टेबलावर कांदा, उद्या कांद्याला खुर्ची!" आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण भावानं केलं म्हणून ती उभी राहिली. संध्याकाळी ती घरी आली ती दोन्ही हात लोंबकळवत. "दादा," ती म्हणाली, "कमरंतलं काढून खांद्यात घातलंस रं!"

झालं असं होतं की मामा पुरे सहा फुटांचे, आणि टेबल त्यांनी स्वतःच्या उंचीचं केलं होतं. आई त्यांच्या छातीलाही लागत नाही. दिवसभर तिनं हात वर करूनच कांदा निवडला होता. मामांना त्याचं इतकं वाईट वाटलं की रात्रीचं जेवण त्यांनी केलं नाही. सकाळी ते दोरी घेऊन वखारीत हजर झाले आणि आईला उभी करून तिच्या कोपराचं माप घेऊ लागले. बॅरलवर चढवलेल्या विटा काढल्या. टेबल आईच्या मापाचं झालं.

बाकीच्या बायका अजून जमिनीवरच होत्या आणि आई एकटीच टेबलाशी. ते दिवस तिला फार जड गेले. दुखण्यापेक्षा टोमणे जड. टेबलाच्या बाजूनं पहिल्यांदा बोलले ते हमाल. पाठीवरची गोणी थेट टेबलावर रिकामी करता येत होती, वाकावं लागत नव्हतं. त्यांच्यातला एक बिहारचा गडी मालकांना म्हणाला, "सेठ, ये मामा का टेबल बहुत बढ़िया है, उधर ही डालेंगे." आणि मग एक दिवस, कांद्याच्या खुर्चीचा टोमणा मारणारी तीच मावशी, "जरा पाय मोकळं करते," म्हणून उठली आणि टेबलाशी येऊन उभी राहिली. ती पुन्हा खाली बसली नाही. मावशी आईपेक्षाही बुटकी. तिच्यासाठी मामांनी तिच्याच घरून बसायचा पाट आणवला आणि तिला त्यावर उभं केलं. हळूहळू सगळ्याच टेबलाशी आल्या, ज्यांना उंची कमी पडे त्या घरून पाट घेऊन. त्या वखारीत सकाळी बायका एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात पाट घेऊन येऊ लागल्या. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, कुणाच्या तरी घरी मोठी पंगत आहे.

आईचं दुखणं गेलं नाही. पण तिचं काम राहिलं, आणि माझं कॉलेजही. बी.कॉम. झाले, एका कंपनीच्या ऑफिसात लागले, गेल्या वर्षी कायम झाले. आमच्या ऑफिसात एकदा ट्रेनिंग होतं. कसं बसावं, कसं उचलावं, काम कोपराच्या उंचीला कसं असावं. पडद्यावर चित्रं येत होती आणि मला एकेका चित्रात वखारीतलं टेबल दिसत होतं. पण त्यात असंही सांगितलं की दिवसभर एका जागी उभं राहणंही वाईट, पाय आणि कंबर भरून येतात, आलटून पालटून बसावं. मी ते फोनवर मामांना सांगितलं. मग मामा म्हणाले, "म्हंजी माझं अर्धंच बरोबर होतं." मी म्हटलं, "मामा, अर्धं तरी कुणी केलं होतं?" त्यांना ते पटलं नाही. पुढच्याच आठवड्यात वखारीत उंच स्टुलं आली. मालकांनी आता विचारायचंही सोडून दिलं होतं.

एका गोष्टीवरून मात्र आई त्यांच्यावर कायम रुसलेली असे. वाकणं बंद झाल्यापासून मामा तिला पाया पडू देत नसत. भाऊबीजेला ती खुर्चीत बसलेल्या मामांना ओवाळायची, आणि ती वाकायला लागली की मामा पाय खुर्चीखाली ओढून घेत. "वाकू नको! लांबनं हात जोड." आई म्हणायची, "देवाला लांबनं जोडते. तू काय देव हायस?" ह्या भाऊबीजेला तिनं ऐकलंच नाही. माझ्याकडं बोट करून म्हणाली, "ही कायम झाली. तुझ्यामुळं झाली. आज मी तुझ्या पायावर डोकं ठेवणार, मग मणका राहो न्हाईतर जावो."

मामांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग स्वयंपाकघरातल्या माझ्या नव्या टेबलाकडं. "धरा मला," ते म्हणाले.

फराळाला आलेल्या शिंपीचाचांनी एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या बाजूनं. आधी स्टूल, मग टेबल, मग टेबलावर मांडलेली खुर्ची. गुडघ्यांतली सगळी कुलपं एकदम उघडल्यासारखा आवाज आला. चाचा खालून म्हणाले, "बघा मामा, आता तुमचा बी पंखा जवळ आला." शेवटी मामा वर खुर्चीत बसले, पाय टेबलावरच्या पाटावर ठेवून. डोक्यावर टोपी, कपाळाला गंध, चेहरा घामानं भिजलेला. त्यांची पावलं बरोबर आईच्या कोपराशी आली होती. आईनं ओवाळलं, ताट माझ्या हातात दिलं, दोन्ही हातांनी ती पावलं धरली आणि मान थोडीशी झुकवून कपाळ टेकवलं. कंबर जराही न वाकवता. ती बराच वेळ तशीच राहिली.

"उंची बरोबर हाय का गं?" मामांनी विचारलं.

"बरोबर हाय, दादा."

मग मी पाया पडले. त्यांच्या घोट्यांवर आणि पावलांच्या वरच्या बाजूला, पाय मागं दुमडून काम करून करून पडलेले काळे, कातड्यासारखे जाड घट्टे आहेत, ते मी इतक्या जवळून पहिल्यांदा बघितले. उभ्या माणसाच्या पटकन पाया पडताना तिकडं लक्ष जात नाही.

त्यांना उतरवायला आम्ही पुन्हा हात पुढं केले, तर ते म्हणाले, "थांबा जरा." ते खाली बघत होते. आमच्या घरातली फरशी त्यांनीच बसवलेली आहे, मी शाळेत जायच्या आधी, लोकांच्या कामांतून उरलेल्या तुकड्यांची. एक तुकडा लाल, एक करडा, एक ठिपक्यांचा, जसा मिळाला तसा जोडलेला. आम्हाला ती कधी सुंदर वगैरे वाटली नव्हती. मामा टेबलावरून कितीतरी वेळ ती भिंतीपासून भिंतीपर्यंत बघत राहिले.

"नाकापाशी धरून बसवली सगळी," ते म्हणाले. "इतक्या वरनं कधी बघितलीच न्हाई."

आणि मग, जरा लाजत, "बरी दिसती की गं."