काढलेली कॉईल

पंचवटीत दिंडोरी नाक्यावर कुणालाही विचारा, दत्तू मेस्त्रीचं गॅरेज कुठंय, तो बोट दाखवेल. मी त्यांची बायको, इंदू. माणूस कामाला चोख, बोलायला कंजूष, आणि हट्टी असा की विचारू नका. गिऱ्हाइकाच्या गाडीत नवा माल घालायचे आणि त्याचा काढलेला माल आमच्या गाडीत. आमच्या पांढऱ्या मारुतीचा कार्बोरेटर एका वकिलाच्या गाडीचा, आरसे एका मास्तरांच्या गाडीचे, सीटा तर तीन घरच्या. मी म्हणायची, "अहो, ही गाडी आहे का मागून आणलेला संसार?" ते म्हणायचे, "चालते ना? मग झालं." गॅरेजवाल्यांची रीतच ती. नाक्यावरच्या एकाही मेस्त्रीने स्वतःच्या गाडीला नवा पार्ट घातलेला मी पाहिला नाही.

आता कॉईलचं सांगते, कारण सगळं तिथेच अडलं. कॉईल म्हणजे मुठीएवढा डबा, बॉनेटखाली बसतो. बॅटरीचा करंट वाढवून तो प्लगला देतो, ठिणगी पडते, पेट्रोल पेटतं. ठिणगी नाही तर गाडी म्हणजे नुसतं पत्र्याचं कपाट. लासलगावचा एक कांदा व्यापारी गाडी घेऊन आला होता. म्हणाला, इगतपुरीच्या घाटात बंद पडते, कॉईल बदला. यांनी कॉईल बदलली, पेट्रोलचा फिल्टरही कचऱ्याने भरलेला होता तो बदलला. गाडी नीट झाली. मग काढलेली कॉईल यांनी आपल्याकडे तपासली. वायर इंजिनाजवळ धरली, स्टार्टर मारला, निळी ठिणगी पडली. "कॉईल चांगलीय," म्हणाले, "दुखणं फिल्टरचं होतं." आणि ती आमच्या गाडीत बसली. आमची गाडी घर ते गॅरेज, गॅरेज ते भाजी बाजार. गरम व्हायची वेळच यायची नाही.

माझं माहेर कळवणचं. आई, बायडाबाई, माझ्या लग्नापासून एकच सांगायची. "तू नाशिकला दिलेली पोर. मी गेले की गंगेचं पाणी तू माझ्या तोंडात घालायचं. झिपरूने घातलेलं मला नको." झिपरू माझा भाऊ, तो शेजारी बसून हसायचा. ती चेष्टा नव्हती हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. नाशिकला गोदावरीलाच गंगा म्हणतात; रामकुंडावरून भरलेली बाटली माझ्या देवघरात कायम असायची.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात भर दुपारी गॅरेजच्या फोनवर झिपरूचा फोन आला. "ताई, माय गेली. दिवस मावळायच्या आत न्यावं लागेल. तोवर थांबतो." मी घरी जाऊन बाटली घेतली, आईसाठी एक लुगडं घेतलं आणि नाक्यावर आले. समोर कळवणची बस भरत होती. मी तिकडे वळले तर हे म्हणाले, "यष्टीने कशाला? गाव गाव थांबत जाईल. मी दोन तासांत पोचवतो." आमची गाडी आहे, आपण बसने गेलो तर माहेरचे काय म्हणतील, हेही त्यांच्या मनात असणार. मी गाडीत बसले.

वणी यायच्या आधी गाडीने दोन आचके दिले आणि थांबली. हे उतरले, बॉनेट उघडलं. "उन्हाने पेट्रोल गरम झालंय," म्हणाले. फडकं पिण्याच्या पाण्यात भिजवून पेट्रोलच्या पंपावर ठेवलं. थोड्या वेळाने गाडी चालू झाली. वणीत गॅरेजं होती, पण तिथे न थांबता पुढे काढली. मला बरंच वाटलं, कारण ऊन कलायला लागलं होतं.

वणीच्या पुढे चढावर परत बंद. या वेळी त्यांनी प्लगची वायर काढून मला स्टार्टर मारायला लावला. ठिणगी नाही. मग त्यांनी कॉईलला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. तोंडाचा रंग उतरला. त्यांना तेव्हा कळलं. कॉईल गरम झाली की मरत होती आणि थंड झाली की उठत होती. यांनी ती तपासली होती थंड असताना.

पिण्याचं पाणी संपलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कोरडी शेतं, विहीर लांब. आम्ही नुसते उभे होतो. तेवढ्यात खालून बस येताना दिसली, नाक्यावर उभी होती तीच. मी हात केला. त्याच वेळी यांनी स्टार्टर मारला आणि गाडी चालू झाली. हे ओरडले नाहीत, नुसतं म्हणाले, "बस इंदू, झाली." ड्रायव्हरने बस हळू केली होती. मी हाताने नको म्हटलं आणि गाडीत बसले. बस पुढे गेली.

चढ संपायच्या आत गाडी पुन्हा थांबली. हे माझ्या मांडीवरच्या बाटलीकडे बघत होते. मग म्हणाले, "ती दे. पोचलो तर तोंड तरी दिसेल."

मी दिली. त्यांनी फडकं भिजवून कॉईलवर गुंडाळलं. वाफ निघाली. गाडी चालू झाली, थोडी गेली, थांबली, पुन्हा पाणी. असं करत करत आम्ही कळवणला पोचलो, तेव्हा बाटलीत तळाला थेंब नव्हता.

घरात बायका पाणी टाकून ओटा धुवत होत्या. आईला ठेवलं होतं त्या जागेवर पीठ पसरून दिवा लावला होता. काकू चिमणाबाई म्हणाली, "लय वाट पाह्यली तुझी. दिस बुडायला आला म्हून उचललं गं. गंगा आणली का?" माझ्या हातात रिकामी बाटली होती. मी ती दिव्याजवळ ठेवली. का ठेवली, माहीत नाही. झिपरू नदीवरून ओल्या अंगाने परत आला, माझ्याकडे पाहिलं आणि आत गेला. मला रडू आलं नाही. अजून आलेलं नाही.

नाशिकला आल्यावर यांनी साठवलेला सगळा काढीव माल पोत्यात भरून भंगारात दिला. आमच्या गाडीत नवी कॉईल बसवली, आणि पुढे दर उन्हाळ्याच्या तोंडावर, बिघाड असो नसो, बदलत राहिले. गिऱ्हाइकाची कॉईल तपासायची तर गाडी उन्हात चालू ठेवून पुरती तापू द्यायचे, मगच ठिणगी बघायचे. लोक वैतागायचे. हे ऐकायचे नाहीत. माझी माफी त्यांनी मागितली नाही, मीही बोलणं काढलं नाही. भाकरी वाढली, डबा दिला, संसार केला. पण त्या गाडीत पाय ठेवला नाही. माहेरी जायचं तर यष्टीने, त्यांनी मागून गाडी आणली तर आणली.

दोन हजार सहाला झिपरूच्या मुलीचं, पल्लवीचं लग्न निघालं. आत्या म्हणून मी भांडी द्यायची होती. हंडा, पातेली, समई घेऊन लग्नसराईच्या बसमध्ये कोण चढू देणार? मी गाडीत बसले. दिंडोरी गेली, वणी गेली. चढ कधी संपला ते कळलं नाही. गाडी कुठेच अडखळली नाही.

मांडवात उतरले तर झिपरू म्हणाला, "एवढ्या लवकर? किती वाजता निघालात?" यांनी वेळ सांगितली. बरोबर दोन तास झाले होते. मी गाडीकडे वळले. त्या दिवशीही आई माझ्यापासून दोनच तासांवर होती.

हे डिकीतून भांडी काढत होते. कोपऱ्यात एक बाटली होती, झाकणाला नवं फडकं बांधलेली. मी विचारलं, "हे काय?"

"गंगेचं पाणी. दर महिन्याला बदलतो," ते म्हणाले.

"आठ वर्षं?"

त्यांनी मान हलवली.

"आता ते कोणाच्या तोंडात घालू, अहो?" मी म्हणाले.

त्यांनी बाटली जागेवर ठेवली आणि हंडा उचलला. मी समई घेऊन मांडवात गेले. पल्लवीला हळद लागत होती.